तारीख नेमकी कशाची?

जानेवारी २०२५मध्ये तमिळनाडू सरकारने लोखंडाच्या प्राचीनतेवरचा एक अहवाल प्रसिद्ध केला आणि त्यातला एक आकडा बघता बघता पुण्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवरही फिरू लागला: इ.स.पू. ३३४५. म्हणजे आजपासून सुमारे ५,३०० वर्षांपूर्वी दक्षिण भारतात लोखंड वापरात होतं. आपण शाळेत शिकलो त्यापेक्षा हे इतकं मागे जातं की चर्चेचे लगेच दोन तट पडले. एका तटाला अभिमान वाटला, दुसऱ्याला संशय आला. ३३४५ हा आकडा कशातून निघाला, हा प्रश्न मात्र दोन्हीकडे क्वचितच कुणी विचारला. मला या सगळ्या बातमीतला तोच भाग सर्वांत रंजक वाटतो. पुरातत्त्वाची कुठलीही बातमी समजून घ्यायची तर सुरुवातही तिथूनच करावी लागते.

ही जागा थूत्तुकुडी जिल्ह्यातली शिवगळै. तिथे एक मोठी दफनभूमी आहे. मृतांच्या अस्थी मोठ्या मातीच्या रांजणांत ठेवून ते पुरलेले, आणि सोबत लोखंडी हत्यारं, अवजारं. ३३४५ हे वय त्या लोखंडाचं नाही, तिथे मिळालेल्या कोळशाचं आहे. लोखंड गाळताना कोळशातला थोडा कार्बन धातूत उतरतो आणि त्यावरून वय काढता येतं, पण हजारो वर्षं गंजलेल्या तुकड्यात ते फार अवघड जातं. म्हणून शेजारचा कोळसा मोजतात. दगडी हत्यार, सोन्याचा मणी, तांब्याचं कडं यांचंही असंच. या वस्तू स्वतः आपलं वय सांगत नाहीत, त्यांच्या आजूबाजूला जे सापडतं ते सांगतं. म्हणून बातमीत आकडा दिसला की मी आधी दोन गोष्टी शोधतो: मोजलं काय, आणि जे मोजलं त्याचा आपल्या वस्तूशी संबंध किती घट्ट आहे.

कोळशाचं वय कसं निघतं ते आधी पाहू. अंतराळातून सतत येणाऱ्या किरणांमुळे वातावरणात उंचावर नायट्रोजनपासून कार्बनचा एक किरणोत्सारी प्रकार तयार होत राहतो. त्याला कार्बन-१४ म्हणतात. प्रमाण नगण्य, साध्या कार्बनच्या सुमारे एक लाख कोटी अणूंमागे एक. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून तो झाडांत जातो, झाडांतून गुरांत, आपल्यात. जीव जिवंत आहे तोवर जुना कार्बन बाहेर आणि नवा आत असं चालू असतं, त्यामुळे शरीरातलं प्रमाण हवेतल्या प्रमाणाइतकंच राहतं. जीव मेला की आवक थांबते. आत असलेला कार्बन-१४ मात्र ठरावीक गतीने घटत जातो: ५,७३० वर्षांत निम्मा, आणखी तितक्याच वर्षांत उरलेल्याच्या निम्मा. किती उरला ते मोजलं की जीव मरून किती काळ लोटला ते कळतं. विलर्ड लिबी यांनी ही पद्धत १९४९च्या सुमारास सिद्ध केली आणि १९६०मध्ये त्यांना तिच्यासाठी नोबेल मिळालं. आपल्याकडे साठच्या दशकातच मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अशी प्रयोगशाळा चालू झाली होती.

पूर्वी एका मोजणीसाठी कोळशाचे बरेच ग्रॅम लागत. आता ॲक्सिलरेटर मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे एएमएस, या तंत्राने थेट अणू मोजले जातात आणि काही मिलिग्रॅम पुरतात. भाताचा एक करपलेला दाणासुद्धा चालतो. हा बदल दिसतो त्याहून मोठा आहे, कारण लाकडात आणि दाण्यात एक महत्त्वाचा फरक आहे.

पेठांमधले जुने वाडे पाडले जातात तेव्हा त्यांचे सागवानी खांब, तुळया, दरवाजे विकले जातात, आणि मुळशीकडच्या एखाद्या नव्या फार्महाऊसला लागतात. उद्या ते घर जळालं आणि हजार वर्षांनी कुणी त्या तुळईचा कोळसा मोजला, तर घराचं वय पेशवाईतलं निघेल. मोजणीत काहीच चूक नसेल. कार्बन-१४ने लाकूड कधी वाढलं ते सांगितलं, घर कधी बांधलं ते त्याला ठाऊकच नाही. शिवाय मोठ्या झाडाचा गाभा सालीपेक्षा शंभर-दोनशे वर्षांनी जुना असू शकतो, कारण आतली वलयं मेलेलीच असतात. पुरातत्त्वज्ञ याला जुन्या लाकडाची अडचण म्हणतात. दाण्याची ही अडचण नसते. तो एका हंगामात वाढतो आणि बहुधा दोन-चार वर्षांत खाल्ला, पेरला किंवा जळून जातो. कोळसा आणि धान्य दोन्ही मिळालं असेल तर मी धान्यावर जास्त विसंबेन.

आता पुन्हा शिवगळै. तिथल्या एका रांजणातल्या भाताचं वय २०२१मध्ये जाहीर झालं होतं: इ.स.पू. ११५५. आणि २०२५च्या अहवालात कोळशाचं इ.स.पू. ३३४५. खापरांची मोजणी वेगळ्या पद्धतीने झाली, तिच्याबद्दल पुढे सांगतो, आणि ती वयं इ.स.पू. २४००च्या थोडी मागची आली. एकाच गावातून तीन वयं, सर्वांत जुन्या आणि सर्वांत अलीकडच्या वयात दोन हजार वर्षांहून जास्त अंतर. यात कुणी फसवतंय असं मुळीच नाही. दफनभूमी शतकानुशतकं वापरात असते, एक रांजण आजचा आणि शेजारचा पणजोबांच्याही आधीचा असू शकतो. पण मग प्रत्येक लोखंडी वस्तू नेमकी कुठल्या नमुन्याच्या शेजारी होती हेच निर्णायक ठरतं. या अहवालाची जमेची बाजू अशी की त्यात एकच नमुना, एकच प्रयोगशाळा असा प्रकार नाही. अमेरिकेतली एक प्रयोगशाळा, अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा आणि लखनौची बिरबल साहनी संस्था अशा वेगवेगळ्या ठिकाणी नमुने गेले, आणि कोळसा बाजूला ठेवून फक्त खापरांची वयं धरली तरी दक्षिणेतलं लोखंड आपल्या आजवरच्या समजापेक्षा बरंच मागे जातं. ३३४५वर पैज लावायला मी आज तयार नाही. दुसऱ्या एखाद्या जागी, लोखंड गाळण्याच्या भट्टीतूनच, धान्यासारख्या अल्पायुषी नमुन्यातून तसंच वय आलं तर तयार होईन.

कार्बनच्या पद्धतीत आणखी एक गुंता आहे. तो आपल्या इतिहासाच्या अगदी नाजूक जागी येतो, म्हणून त्यावर थोडं थांबतो.

लिबींनी धरून चाललं होतं की हवेतलं कार्बन-१४चं प्रमाण सदासर्वकाळ सारखंच होतं. ते तसं नव्हतं. सूर्याच्या हालचालीनुसार, पृथ्वीच्या चुंबकत्वानुसार ते वरखाली होत आलं. म्हणून मोजलेलं वय जसंच्या तसं वापरता येत नाही, ते एका आलेखावर ताडून पाहावं लागतं. हा आलेख झाडांच्या वलयांवरून बनवला आहे. दरवर्षी एक वलय, त्यामुळे कुठलं वलय कुठल्या वर्षाचं ते मोजून सांगता येतं, आणि त्यात किती कार्बन-१४ उरला तेही. जुन्या-नव्या लाकडांची वलयं एकमेकांशी जुळवत ही साखळी बारा हजारांहून जास्त वर्षं मागे गेली आहे. त्याही मागे जाण्यासाठी जपानमधल्या सुइगेत्सू तळ्याच्या तळाशी दरवर्षी साचणाऱ्या गाळाच्या थरांसारखे पुरावे जोडले आहेत.

या आलेखात इ.स.पू. ८०० ते ४०० या दरम्यान एक लांबलचक सपाट पट्टा आहे. त्या काळात हवेतलं प्रमाण अशा रीतीने बदलत गेलं की इ.स.पू. ७५०मध्ये मेलेल्या झाडात आणि इ.स.पू. ४५०मध्ये मेलेल्या झाडात आज जवळजवळ सारखाच कार्बन-१४ शिल्लक आहे. यंत्र कितीही अचूक असो, या दोघांना वेगळं काढणं फार कठीण. आणि भारतात हा काळ कुठला? महाजनपदं, बुद्ध, महावीर, गंगेच्या खोऱ्यातली नवी नगरं, लिपीच्या उगमाचा वाद. जिथे आपल्याला पन्नास वर्षांचा फरकही हवा असतो, नेमकं तिथे हे घड्याळ धूसर होतं.

मदुराईजवळच्या कीळडीची बातमी या पट्ट्यातलीच. २०१९मध्ये तमिळनाडूच्या पुरातत्त्व विभागाने जाहीर केलं की ३५३ सेंटिमीटर खोलीवरच्या नमुन्याचं वय इ.स.पू. ५८० आलं, आणि त्यावरून तमिळ-ब्राह्मी लिपी व तिथलं नगरजीवन सहाव्या शतकापर्यंत मागे नेलं गेलं. पुढे त्यावरून बरंच राजकारण झालं. कीळडी ही मोठी आणि मोलाची जागा आहे याबद्दल मला शंका नाही. पण कार्बनची मोजणी कधीच एक वर्ष देत नाही, ती पल्ला देते, आणि या सपाट पट्ट्यात तो पल्ला काही शतकांचा असतो. ५८० हा आकडा त्या पल्ल्यातला एक बिंदू. 'कीळडी इ.स.पू. ५८०ची' असं म्हणणारा आणि 'छे, फार तर चौथ्या शतकातली' असं म्हणणारा, दोघेही त्याच एका मोजणीचा आधार घेऊ शकतात. उपाय आहे: एकाच खड्ड्यात वरून खाली अनेक थरांतले नमुने मोजायचे. खालचा थर वरच्यापेक्षा जुना, हे नक्की असल्यामुळे सगळी वयं एकत्र बसवली की पल्ला बराच आखडतो. त्यासाठी मोजण्या बऱ्याच लागतात आणि थर नीट वाचलेले असावे लागतात.

थर वाचणं म्हणजे काय ते पुण्यात राहणाऱ्याला इनामगावावरून छान समजतं. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ असं दीर्घ उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्या कामातली मोठी नावं. घराच्या जमिनीवर जमीन, चुलीवर चूल, असं सुमारे नऊशे वर्षांचं ताम्रपाषाणयुगीन गाव तिथे उलगडलं: इ.स.पू. १६००च्या सुमारास माळव्याकडच्या धाटणीची भांडी वापरणारी वस्ती, मग जोर्वे संस्कृतीचा भरभराटीचा काळ, आणि इ.स.पू. १००० ते ७०० दरम्यान पाऊसपाणी कमी होत गेल्यावरचा ओढग्रस्तीचा काळ. चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. शेवटच्या काळात शेतीपेक्षा गुरं आणि शिकार यांचा आधार वाढला. घरातल्या जमिनीखाली दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत लहान मुलांना पुरलेलं आढळलं. सातूसारखं जळालेलं धान्य मिळालं. पंधरा वर्षं खणल्यामुळे हे थर एकमेकांशी पडताळून पाहता आले, आणि म्हणून इनामगावच्या तारखांना एका नमुन्यापुरता नव्हे, तर अख्ख्या गावाच्या क्रमाचा आधार आहे. तिथले अवशेष येरवड्याजवळ डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात आहेत. पुण्यात वर्षानुवर्षं राहून तिथे पाऊल न टाकलेले लोक भेटतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

कार्बनची मर्यादा सुमारे ५०,००० वर्षांची. त्यापुढे मोजण्याइतकं काही उरतच नाही. मग दुसरी घड्याळं लागतात. पुणे जिल्ह्यातच त्यांचा एक गाजलेला वाद आहे, जो शहरात फार थोड्यांना ठाऊक असतो.

जुन्नर तालुक्यात कुकडीच्या काठावर बोरी गाव आहे. तिथल्या नदीकाठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला, आणि त्याच्या संगतीत अश्मयुगीन दगडी हत्यारं. सह्याद्रीचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, त्याच्याशी या राखेचा संबंध नाही. ही राख फार नंतरची, वाऱ्याने दुरून आलेली. ज्वालामुखीच्या राखेचं वय पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने काढतात. पोटॅशियमचा एक किरणोत्सारी प्रकार अतिशय सावकाश आर्गॉन वायूत बदलतो. खडक वितळलेला असताना हा वायू निसटून जातो, उद्रेकानंतर थंड झाल्यावर तो आत साठू लागतो. साठलेला आर्गॉन मोजला की उद्रेक कधी झाला ते कळतं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी बोरीच्या राखेचं वय प्रसिद्ध केलं: सुमारे १४ लाख वर्षं. खळबळ उडाली, कारण त्यामुळे भारतातला माणूस एकदम फार जुना ठरत होता. १९९५मध्ये शीला मिश्रा आणि सहकाऱ्यांनी सुधारित आर्गॉन पद्धतीने काढलेलं वय मांडलं: सुमारे ६ लाख ७० हजार. त्याच सुमारास दुसऱ्या एका गटाने राखेतल्या काचेच्या कणांचं रसायन तपासलं आणि म्हटलं की ही राख इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीच्या शेवटच्या महाउद्रेकातली आहे. तो उद्रेक सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीचा. तीन हजार किलोमीटरहून लांबची ती राख भारतभर पडली होती हे इतर ठिकाणांहूनही माहीत आहे.

चौदा लाख, पावणेसात लाख, पाऊण लाख. एवढा फरक पडतो कसा? नदीकाठची राख शुद्ध राहत नाही. तिच्यात आजूबाजूच्या बेसाल्टचे कण मिसळू शकतात, आणि साडेसहा कोटी वर्षं जुना एखादा कण मोजणीत आला की वय फुगतं. उलट, काचेचं रसायन कुठल्या ज्वालामुखीतून राख आली ते चांगलं सांगतं, पण तोबाचे याआधीही मोठे उद्रेक झाले होते आणि त्यांची राख दिसायला बरीचशी सारखी. मिश्रा यांनी हत्यारांच्या जुन्या धाटणीकडे आणि गाळाच्या स्वरूपाकडे बोट दाखवत आपली बाजू लावून धरली. माझं मत विचाराल तर रसायनाची बाजू मला जड वाटते. पण राख ७४ हजार वर्षांचीच आहे असं धरलं, तरी तिच्याखालच्या गाळातली हत्यारं तितकीच जुनी आहेत असं होत नाही. राखेने फक्त एक रेघ आखून दिली: खालचं सगळं हिच्याआधीचं. किती आधीचं, यावर ती गप्प आहे. त्यातून नदीने जुना काठ कापून हत्यारं वाहून आणली असतील तर रेघही पुसट होते. आपल्याकडच्या हातकुऱ्हाडींचं प्राचीनत्व आज बोरीवर अवलंबून नाही. चेन्नईजवळच्या अत्तिरमपाक्कम इथे शांती पप्पू आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये वेगळ्याच पद्धतींनी सुमारे १५ लाख वर्षांचं वय दाखवलं आहे.

आता खापरांच्या पद्धतीबद्दल. मातीतल्या क्वार्ट्झच्या कणांत आसपासच्या नैसर्गिक किरणोत्सारामुळे ऊर्जा अडकत जाते. ऊन लागलं किंवा भट्टीत भाजलं की ती मोकळी होते आणि मोजणी शून्यापासून पुन्हा सुरू होते. प्रयोगशाळेत त्या कणावर प्रकाश टाकला की अडकलेली ऊर्जा अंधुक उजेडाच्या रूपात बाहेर पडते, आणि तिच्यावरून शेवटचं ऊन किंवा शेवटची भट्टी किती जुनी ते निघतं. नमुना घेताना क्षणभरही ऊन लागता कामा नये, म्हणून धातूची नळी मातीत ठोकून, तोंडं बंद करून नेतात आणि लाल दिव्यात उघडतात. खापराचं वय थेट मिळतं हे या पद्धतीचं बळ. पल्ला मात्र बहुधा कार्बनपेक्षा रुंद.

वेगवेगळी घड्याळं एकाच ठिकाणी लावली की काय घडतं याचं माझं आवडतं उदाहरण अमेरिकेतलं आहे. न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स इथे माणसांच्या पाऊलखुणा सापडल्या आणि २०२१मध्ये त्यांचं वय २१ ते २३ हजार वर्षं सांगण्यात आलं. पावलाला वय नसतं, म्हणून थरातल्या एका पाणवनस्पतीच्या बिया मोजल्या होत्या. टीकाकारांनी लगेच नेमकी जागा पकडली: पाण्यातली झाडं चुनखडीतून विरघळलेला जुना कार्बन घेतात, त्यामुळे ती आहेत त्याहून जुनी दिसू शकतात. संशोधक चिडून बसले नाहीत. त्यांनी त्याच थरांतले जमिनीवरच्या झाडांचे परागकण वेचले, क्वार्ट्झची मोजणी केली, आणि २०२३मध्ये तेच वय पुन्हा आलं. २०२५मध्ये गाळावरच्या आणखी मोजणीनेही तेच दाखवलं.

आणि क्वचित नेमकं वर्षसुद्धा हाती लागतं. इ.स. ९९३मध्ये अंतराळातून आलेल्या किरणांच्या एका जोरदार माऱ्यामुळे जगभरच्या झाडांच्या त्या सुमाराच्या वलयात कार्बन-१४ अचानक वाढलेला आहे. कॅनडातल्या लाँझ ओ मेडोज या व्हायकिंग वस्तीत लोखंडी पात्याने कापलेल्या लाकडांत ते वलय सापडलं. तिथपासून सालीपर्यंत वलयं मोजली आणि उत्तर आलं: झाडं इ.स. १०२१मध्ये तोडली. तीन वेगवेगळी झाडं, तिन्हींत तेच वर्ष.

अशी सोय सगळीकडे नसते. आपल्या कोकणातली कातळशिल्पं घ्या. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर बारसू, देवीहसोळ, कशेळी, उक्षी अशा ठिकाणी जांभ्या दगडात हत्ती, गेंडे, मासे, माणसं आणि न उलगडणाऱ्या आकृत्या कोरलेल्या आहेत. २०२२पासून ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. बातम्यांत त्यांना सर्रास दहा-बारा हजार वर्षांची म्हटलं जातं. पण नुसत्या कोरलेल्या रेघेत मोजायला कोळसा नाही, दाणा नाही, राख नाही. आज कोकणात नसलेले प्राणी चित्रांत आहेत, जवळपास दगडी हत्यारं मिळतात, धातूयुगाच्या खुणा चित्रांत दिसत नाहीत, यावरून अंदाज बांधला जातो. तो अंदाज मला पटण्यासारखा वाटतो, पण मोजणी वेगळी. ती व्हायची शक्यता सर्वांत जास्त आहे ती अजून मातीखाली असलेल्या चित्रांत. कोरलेल्या खाचेत साकळलेल्या मातीत क्वार्ट्झचे कण असतील, तर ती माती शेवटची कधी उन्हात होती ते कळू शकेल, आणि चित्र निदान त्याहून जुनं हे ठरेल. म्हणून सड्यावर मातीखाली एखादी नवी आकृती दिसली तर उत्साहाने फावडं आणि पाणी घेऊन ती साफ करू नका. फोटो काढा, जागा टिपून ठेवा, राज्य पुरातत्त्व विभागाला कळवा आणि खाचेतली माती तशीच राहू द्या.